हैदराबादला हृदयरोगतज्ज्ञ शोधताना

हैदराबादला जाऊन हृदयरोगतज्ज्ञ गाठणे मराठवाड्यातल्या घरांना नवे नाही. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. मोठे दुखणे निघाले की राजधानीची वाट धरायची, ही सवय तेव्हाची आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी सरहद्द बदलली, तरी देगलूर, बिलोली, धर्माबाद, उदगीरकडच्या माणसाला पुण्या-मुंबईपेक्षा हैदराबादच जवळ पडते. नांदेडहून देगलूरमार्गे रस्ता पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. रेल्वेने यायचे तर अजिंठा आणि देवगिरी एक्सप्रेस आहेत. चंद्रपूर-राजुऱ्याकडचे लोक बल्लारशाह-काजीपेटवरून येतात. या रुग्णांना उतरवून घेणारा, फाइल हातात धरून त्यांच्यासोबत रांगेत उभा राहणारा कोणी ना कोणी मराठी माणूस शहरात असतो. कधी तो काचीगुडा किंवा सुलतान बाजार भागात पिढ्यान्‌पिढ्या राहणारा नातेवाईक असतो, कधी रुग्णालयातच मदतीच्या कामावर असलेला कर्मचारी. हे काम करता करता या लोकांजवळ बरेच शहाणपण साठते. ते डॉक्टरकीचे नसते. कोणत्या दुखण्यासाठी कोणत्या दारी जायचे आणि तिथे काय विचारायचे, एवढ्यापुरतेच असते. पण रुग्णाचे पुढे काय होणार, ते पुष्कळदा त्यावर ठरते.

पहिली गोष्ट म्हणजे हृदयविकाराचा झटका आलेला असताना हैदराबादचा शोध घ्यायचा नसतो. झटक्यात हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने बंद झालेली असते आणि दर मिनिटाला स्नायू मरत असतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन, म्हणजे स्ट्रेप्टोकायनेज किंवा टेनेक्टेप्लेज, पहिल्या बारा तासांत उपयोगी पडते आणि त्यातही पहिल्या दोन-तीन तासांत सर्वाधिक. निदान झाल्यापासून दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होऊ शकेल एवढ्या जवळ कॅथलॅब असेल तर तिथे जावे. नसेल तर जवळच्या दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढून हे इंजेक्शन आधी घ्यावे. त्यानंतर रुग्ण स्थिर असताना पुढच्या चोवीस तासांत मोठ्या ठिकाणी हलवता येतो. ‘थेट हैदराबादलाच नेऊ’ म्हणून पाच-सहा तास गाडीत घालवणे हा या कामातल्या लोकांनी पाहिलेला सर्वांत महाग निर्णय आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादेतच सुरू झाली आणि २०१४ पासून ती महाराष्ट्रातही आहे. झटक्याच्या वेळी डॉक्टरच्या नावाआधी हा क्रमांक आठवावा.

शोध घ्यायचा तो उरलेल्या दुखण्यांसाठी: चालताना छातीत भरून येणे, दम लागणे, चक्कर येऊन पडणे, मुलाच्या हृदयाला छिद्र निघणे, स्थानिक डॉक्टरांनी ‘एकदा मोठ्या डॉक्टरांना दाखवा’ असे सांगणे. इथे पहिली गफलत होते ती ‘हार्टचा डॉक्टर’ हा एकच प्रकार आहे असे धरून चालण्याने. कार्डिऑलॉजिस्ट औषध देतो, अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी करतो, पेसमेकर बसवतो. बायपास किंवा झडप बदलण्याचे ऑपरेशन करतो तो कार्डिऑथोरॅसिक सर्जन. कार्डिऑलॉजिस्टमध्येही पुन्हा वाटण्या आहेत. कोणाचे बहुतेक काम रक्तवाहिन्यांचे, कोणाचे ठोक्यांच्या बिघाडाचे (याला इलेक्ट्रोफिजिऑलॉजी म्हणतात), कोणाचे निकामी होत चाललेल्या हृदयाचे, कोणाचे फक्त लहान मुलांचे. हैदराबादसारख्या शहरात या सगळ्यांची वेगवेगळी माणसे मिळतात. एवढ्या लांब येण्याचा खरा फायदाच तो आहे.

मुखेडकडच्या तांड्यावरून येणाऱ्या तरुण बाईचे उदाहरण घ्यावे, कारण अशा बाया अजूनही येतात. लहानपणी घसा दुखून ताप आला, सांधे सुजले, बरे वाटले म्हणून सगळे विसरले. त्या संधिवाताच्या तापाने मायट्रल झडपेचे पडदे एकमेकांना चिकटत गेले आणि पहिल्या गरोदरपणात पाचव्या-सहाव्या महिन्यात जिना चढवेना. घरचे लोक विचारपूस करतात आणि कोणीतरी शहरातल्या सर्वांत नावाजलेल्या अँजिओप्लास्टीवाल्या डॉक्टरचे नाव देते. डॉक्टर चांगलाच असतो. पण या बाईला स्टेंट नको असतो. तिची झडप फुग्याने उघडायची असते. ते वेगळे कसब आहे. ते नेमाने करणारे हात स्टेंट टाकणाऱ्या हातांपेक्षा पुष्कळ कमी आहेत, आणि गर्भवतीवर ते करायचे तर अनुभव आणखी लागतो. म्हणून जाणते मदतनीस ‘मोठा डॉक्टर कोण’ हे विचारण्याआधी टू-डी इकोचा कागद मागतात. त्या कागदावर झडपेबद्दल काय लिहिले आहे, हृदयाची पंप करण्याची ताकद, म्हणजे ईएफ, किती टक्के आहे, एवढे पाहिले तरी कोणत्या दिशेला जायचे ते निम्मे कळते. लहान मुलाच्या हृदयाला छिद्र असेल तर हैदराबादच्या आधी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून अशा शस्त्रक्रिया मोफत होतात.

नाव कळल्यावर त्या नावापुढची अक्षरे वाचता आली पाहिजेत. एमबीबीएसनंतर जनरल मेडिसिनमध्ये एमडी तीन वर्षे आणि त्यानंतर डीएम कार्डिऑलॉजी आणखी तीन वर्षे, हा कार्डिऑलॉजिस्टचा नेहमीचा रस्ता. डीएमच्या जागी डीएनबी किंवा डीआरएनबी कार्डिऑलॉजी असेल तर तेही त्याच पातळीचे शिक्षण. सर्जनच्या बाबतीत एमएसनंतर एमसीएच. याखेरीज चिठ्ठीवर एफएसीसी, एफईएससी अशी अक्षरे दिसतात. ती अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी दिलेली मानाची सभासदत्वे आहेत. त्यांनी मान वाढतो, पण ती पदवीची जागा घेत नाहीत. ‘हृदयरोग व मधुमेह तज्ज्ञ’ अशी पाटी आणि खाली फक्त एमडी मेडिसिन असेल तर तो डॉक्टर फिजिशियन आहे असे समजावे. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या रोजच्या देखभालीला तो उत्तम असू शकतो. कॅथलॅबचे काम त्याचे नाही.

चिठ्ठीवर आणखी एक गोष्ट असते, तिच्याकडे फार थोडे लोक पाहतात. ती म्हणजे नोंदणी क्रमांक. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार प्रत्येक डॉक्टरने तो दवाखान्यात, चिठ्ठीवर, प्रमाणपत्रावर आणि पैशाच्या पावतीवर दाखवायचा असतो. तेलंगणातल्या डॉक्टरांची नोंदणी तेलंगणा मेडिकल कौन्सिलकडे असते आणि नाव व क्रमांक घालून ती तपासता येते. त्याच नियमांत दुसरीही उपयोगाची तरतूद आहे: फी किती ते तपासणीआधीच कळावे, म्हणून ती दवाखान्यात लावावी, असे नियम सांगतो. स्वतःची जाहिरात करायला नियमांनी डॉक्टरला मनाई आहे, मात्र व्यवसाय सुरू केला, पत्ता बदलला, काही काळ बाहेर आहे, फी अमुक आहे, या गोष्टी जाहीर करण्याची मुभा आहे. रुग्णाला कामाची माहिती नेमकी तेवढीच असते. फलकांवर झळकणाऱ्या चेहऱ्यांवरून निवड करू नये, हे इथे स्पष्ट सांगायला हवे.

शहरातली ठिकाणे माहीत असली की पायपीट वाचते. अफझलगंजचे उस्मानिया रुग्णालय आणि मुशीराबादचे गांधी रुग्णालय ही सरकारी मोठी ठिकाणे. पंजागुट्ट्याचे निम्स, म्हणजे निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस, आधी अस्थिरोगाचे रुग्णालय होते. पुढे ते संस्था झाले आणि १९८९ च्या कायद्याने त्याला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. इथे डीएमचे शिक्षण होते, म्हणून रुग्णाला आधी शिकाऊ डॉक्टर तपासतात, मग प्राध्यापक. वेळ जातो, पण तपासणी बारकाईने होते आणि खर्च खासगीच्या मानाने कमी येतो. खासगीत १९८८ मध्ये ज्युबिली हिल्सला अपोलो आले. निम्समधून बाहेर पडलेले डॉ. बी. सोमा राजू आणि त्यांचे सहकारी यांनी १९९७ मध्ये केअर रुग्णालय सुरू केले. याच सोमा राजूंनी ए. पी. जे. अब्दुल कलामांबरोबर देशी बनावटीचा कलाम-राजू स्टेंट तयार केला होता. आज सोमाजीगुडा, बंजारा हिल्स, सिकंदराबाद, मलकपेट, गच्चीबावली अशा सगळ्या भागांत कॅथलॅब आहेत. २०१७ पासून मेट्रो झाल्यामुळे हिंडणेही सोपे झाले आहे. एसटीने महात्मा गांधी बसस्थानकावर उतरलेल्या माणसाला तिथूनच मियापूरकडची मेट्रो पकडून पंजागुट्ट्याला जाता येते.

आता डॉक्टरच्या व्यवसायाची घडी कशी असते ते पाहू. याचा अंदाज नसल्याने गावाकडून आलेल्या माणसाची सर्वांत जास्त दमछाक होते.

सकाळी आठ-साडेआठला ओपी काढायची, म्हणजे बाह्यरुग्ण विभागाची नोंदणी करून पैसे भरायचे. हैदराबादेत सगळे ‘ओपी’च म्हणतात, आणि रुग्णासोबतच्या नातेवाइकाला ‘अटेंडर’. मग वजन, रक्तदाब, पट्टी. त्यानंतर कनिष्ठ डॉक्टर सगळा इतिहास लिहून घेतो आणि बहुधा इको सांगतो. इकोच्या खोलीबाहेर तास-दीड तास. एवढे झाले की फाइल मोठ्या डॉक्टरांच्या दाराशी जाते आणि कळते की सर कॅथलॅबमध्ये आहेत. हे उत्तर टाळाटाळीचे नसते. कार्डिऑलॉजिस्टच्या दिवसात ठरलेल्या अँजिओग्राफी असतातच, त्यात अचानक झटक्याचा रुग्ण आला की बाह्यरुग्ण विभाग तसाच थांबतो, आणि थांबायलाच हवा. म्हणून फोनवर वेळ घेताना तीन प्रश्न विचारून ठेवावेत: सर कोणत्या वारी ओपी बघतात, सकाळी की संध्याकाळी, आणि त्या दिवशी ते शहरात आहेत ना. परिषदा, दुसऱ्या शाखेतला दिवस, महिन्यातून एकदा एखाद्या जिल्ह्याच्या गावी भरणारा कॅम्प, ही सगळी या व्यवसायाची रीतच आहे. पुष्कळ डॉक्टर नांदेड-निझामाबादसारख्या ठिकाणी ठरलेल्या दिवशी येतात. साध्या फेरतपासणीसाठी तेवढ्यावर भागत असेल तर म्हाताऱ्या माणसाला हैदराबादपर्यंत ओढू नये.

फीबद्दल एक तपशील नेहमी सुटतो. बहुतेक ठिकाणी एकदा भरलेली फी काही दिवस चालते. त्या मुदतीत रिपोर्ट दाखवायला पुन्हा पैसे लागत नाहीत. मुदत प्रत्येक ठिकाणी निराळी असते, म्हणून पावती घेतानाच विचारून घ्यावी. आणि मोठ्या डॉक्टरच्या हाताखालच्या एका तरी डॉक्टरचे नाव लिहून घ्यावे. रात्री अकराला नांदेडहून फोन केला तर तो उचलणारा बहुधा हाच असतो.

डॉक्टरसमोर मिळणारी वेळ थोडी असते. ती वाया जाऊ नये म्हणून सवयीचे मदतनीस आदल्या संध्याकाळी रुग्णाकडून तीन-चार गोष्टी काढून घेतात. शेताच्या बांधापर्यंत जाताना किती वेळा थांबावे लागते आणि सहा महिन्यांपूर्वी किती लागायचे? रात्री उशी उंच लागते का? पायाला सूज येते का? तंबाखू, विडी, घरात कोणाला कमी वयात झटका? कार्डिऑलॉजिस्ट दुखण्याची श्रेणी ठरवतो ती याच उत्तरांवर. रुग्णाला बोलू द्यावे. भाच्याने मामाच्या वतीने सगळे सांगून टाकले की निम्मी माहिती निसटते. भाषेची अडचण वाटते तेवढी नसते. तेलुगू येत नसले तरी दख्खनी हिंदी दोन्ही बाजूंना समजते. गोळ्यांची रिकामी पाकिटे, जुन्या पट्ट्या आणि क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट सोबत असावा, कारण अँजिओग्राफीत वापरतात ते औषध मूत्रपिंडातून बाहेर पडते आणि मधुमेहाच्या रुग्णाला मेटफॉर्मिन चालू ठेवायचे की थांबवायचे तेही त्यावर ठरते.

यानंतर येतो तो क्षण, ज्यात अटेंडरची खरी कसोटी लागते. रुग्ण कॅथलॅबच्या टेबलावर आहे, मनगटातून किंवा जांघेतून नळी गेलेली आहे. बाहेर नातेवाइकाला बोलावून पडद्यावर काळ्या रेषा दाखवतात: ही नस नव्वद टक्के बंद आहे, ही ऐंशी, आत्ताच करून टाकू का? झटक्याचा रुग्ण असेल तर या प्रश्नाचे उत्तर लगेच हो असे आहे. पण ज्याचे दुखणे स्थिर आहे, चालल्यावरच छातीत भरून येते आणि थांबल्यावर जाते, त्याच्यासाठी विचाराला वेळ असतो. ‘इस्केमिया’ नावाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. भारतासह ३७ देशांतले ५,१७९ स्थिर रुग्ण त्यात होते. चांगल्या औषधोपचाराला सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपासची जोड दिल्याने मृत्यू किंवा झटके कमी झाले असे त्यात दिसले नाही. ज्यांना वारंवार छातीत दुखत होते त्यांचा त्रास मात्र कमी झाला. डाव्या मुख्य रक्तवाहिनीत मोठा अडथळा असलेले आणि हृदय फार दुबळे झालेले रुग्ण या चाचणीत घेतले नव्हते, हेही ध्यानात ठेवावे. २०१२ च्या ‘फ्रीडम’ चाचणीने दुसरी गोष्ट दाखवली होती: मधुमेह आणि अनेक रक्तवाहिन्यांत अडथळे असे दोन्ही असतील तर स्टेंटपेक्षा बायपासने जास्त जीव वाचतात. मराठवाड्यातून येणाऱ्या रुग्णांत मधुमेही पुष्कळ असतात. म्हणून अशा वेळी ‘सर्जनचे मत घेतले का’ हे नम्रपणे विचारणे नातेवाइकाचा हक्क आहे. चांगल्या डॉक्टरला हा प्रश्न टोचत नाही. उलट तो खुर्ची ओढून कागदावर हृदय काढतो आणि समजावून सांगतो. डॉक्टर निवडताना याहून चांगली खूण या कामातल्या लोकांना अजून सापडलेली नाही.

दुसरे मत घ्यायचे तर अँजिओग्राफीची सीडी हातात हवी; नुसता लेखी रिपोर्ट दुसऱ्या डॉक्टरला पुरत नाही. कागद मागायला संकोच करू नये. दाखल रुग्णाची कागदपत्रे मागितल्यावर ७२ तासांत देणे आणि उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपून ठेवणे डॉक्टरवर वैद्यक परिषदेच्या त्याच २००२ च्या नियमांनी बंधनकारक आहे.

पैशाच्या बाबतीत सरहद्द आडवी येते. तेलंगणाची आरोग्यश्री योजना २००७ मध्ये एकत्रित आंध्र प्रदेशात सुरू झाली आणि डिसेंबर २०२३ मध्ये तिची मर्यादा १० लाख रुपयांवर गेली. पण ती तेलंगणाच्या रहिवाशांसाठी आहे. धर्माबादचा माणूस तेलंगणातल्या बासरपासून हाकेच्या अंतरावर असला तरी त्याला ती लागू नाही. महाराष्ट्राची जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात नांदेड होते. आज ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिच्या यादीतल्या नांदेड, लातूर, छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबाद) रुग्णालयात तोच उपचार होत असेल तर हैदराबादला जाऊन कर्ज काढण्याआधी तिथे विचारावे. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेचे वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांचे संरक्षण दुसऱ्या राज्यातही चालते, आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला ते मिळते. मात्र हैदराबादचे ते विशिष्ट रुग्णालय यादीत आहे का, आणि हृदयाच्या त्याच उपचारासाठी आहे का, ही दोन्ही उत्तरे निघण्याआधी मिळाली पाहिजेत. दारात पोहोचल्यावर ‘इथे चालत नाही’ ऐकून म्हाताऱ्या आईला पुन्हा बसमध्ये बसवण्याची वेळ कोणावर येऊ नये.

स्टेंटच्या किमतीवर सरकारने १३ फेब्रुवारी २०१७ च्या आदेशाने कमाल मर्यादा घातली. तेव्हा साध्या धातूच्या स्टेंटला ७,२६० रुपये आणि औषध लावलेल्या स्टेंटला २९,६०० रुपये ठरले. नंतर हे आकडे वेळोवेळी बदलले आहेत. बिलात स्टेंटचे नाव, कंपनी, बॅच क्रमांक आणि किंमत वेगळी दाखवावी लागते. खोक्यावरचे स्टिकर डिस्चार्जच्या फाइलला चिकटवलेले आहे ना, ते घरी निघण्याआधी पाहून घ्यावे. अँजिओप्लास्टीचा एकूण खर्च स्टेंटपेक्षा कितीतरी जास्त असतो, म्हणून लेखी अंदाजपत्रक मागावे आणि त्यात कॅथलॅब, आयसीयू, औषधे व डॉक्टरांची फी धरली आहे का ते विचारावे.

घरी परतल्यावर उपचार निम्माच झालेला असतो. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या बहुधा सहा महिने ते वर्षभर चालतात. मध्येच दात काढायचा म्हणून किंवा बरे वाटते म्हणून त्या बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन मोठा झटका येऊ शकतो. बंद करायच्याच असतील तर ज्याने स्टेंट टाकला त्याला विचारून. धातूची झडप बसवलेल्या रुग्णाला जन्मभर वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम घ्यावी लागते आणि आयएनआर नावाची रक्ततपासणी नियमित करून डोस जुळवावा लागतो. त्यासाठी दर महिन्याला हैदराबाद नको. तालुक्याच्या लॅबमध्ये रक्त द्यावे, आकडा फोनवर कळवावा, डोस विचारून घ्यावा. मार्च २०२० मध्ये आलेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनी फोनवरचा आणि व्हिडिओवरचा असा सल्ला रीतसर मान्य केला आहे, आणि त्या चिठ्ठीवरही नोंदणी क्रमांक हवाच. डिस्चार्जच्या कागदाची एक प्रत गावाकडच्या फिजिशियनला देऊन ठेवावी. रक्तदाब, साखर आणि मूत्रपिंड यांच्याकडे पुढची वर्षे लक्ष ठेवणारा डॉक्टर तोच आहे. हैदराबादचा कोणता तज्ज्ञ फोनवर खुलाशाने बोलतो आणि कागदावर स्पष्ट लिहून देतो, हेही पुढच्या रुग्णाच्या वेळी त्यालाच विचारावे.